अतिशीत प्लाझ्माचं सिम्युलेशन : प्रकल्प नोंदी, मार्च–एप्रिल २०२५

३ मार्च

मोजायचं आहे ते एकच: स्ट्रॉन्शियमच्या अतिशीत प्लाझ्मात (थंड अणूंपासून बनवलेल्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या ढगात) पहिल्या मायक्रोसेकंदात आयन किती तापतात आणि कसे तापतात.

असा प्लाझ्मा पहिल्यांदा १९९९ साली अमेरिकेत गेथर्सबर्गच्या निस्ट या राष्ट्रीय मानक प्रयोगशाळेत तयार झाला. लेझरने थंड केलेले झेनॉनचे अणू तिथे दुसऱ्या लेझरने आयनित केले होते. पुढे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात स्ट्रॉन्शियमवर काम सुरू झालं. स्ट्रॉन्शियमचा फायदा असा, की त्याचा आयनही दृश्य प्रकाश शोषतो (४२२ नॅनोमीटर). त्यामुळे आयनांचं तापमान वर्णरेषेच्या रुंदीवरून थेट वाचता येतं, आणि आपल्या आकड्याला ताडून पाहायला प्रयोगाचा आकडा मिळतो.

तापण्याचं कारण थोडक्यात. अणू असताना कोण कुठे बसलंय याला काही किंमत नव्हती. आयन झाल्याक्षणी प्रत्येक जागेला किंमत आली, कारण आता प्रत्येक जोडीत प्रतिकर्षण आहे. जागा मात्र अजून अणूंच्याच, म्हणजे पूर्ण यादृच्छिक. आयन एकमेकांपासून दूर सरकतात, स्थितिज ऊर्जा कमी होते आणि तेवढी गतिज ऊर्जा वाढते. याला पुढे सगळीकडे ‘अव्यवस्थाजन्य तापणं’ म्हटलं आहे. काही मिलिकेल्विनवर असलेले आयन यामुळे थेट एक केल्विनच्या घरात पोचतात.

ठरवलेले आकडे:
घनता दर घन सेंटिमीटरला १०० कोटी आयन. विग्नर-झाइट्स त्रिज्या ६.२ मायक्रोमीटर (एका आयनाच्या वाट्याला येणाऱ्या गोलाची त्रिज्या; पुढे हिला ‘अ’ म्हणतो). इलेक्ट्रॉनांचं तापमान १०० केल्विन, त्यावरून डिबाय लांबी (ज्या अंतरात इलेक्ट्रॉन आयनाचा भार झाकतात) २१.८ मायक्रोमीटर आणि काप्पा, म्हणजे अ भागिले डिबाय लांबी, ०.२८४. ऊर्जेचं एकक म्हणजे ‘अ’ अंतरावरच्या दोन आयनांची कुलंब ऊर्जा, तापमानाच्या भाषेत २.७ केल्विन. आयन प्लाझ्मा वारंवारतेचा व्यस्त २२४ नॅनोसेकंद.

इलेक्ट्रॉन १०० केल्विनवर का? तीन कणांच्या टकरीतून होणारं पुनर्संयोजन (आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जुळून अणू होणं) तापमानाच्या उणे साडेचार घाताने बदलतं. १०० केल्विनला या घनतेवर एका आयनामागे सेकंदाला चारेक घटना होतात, म्हणजे आपल्या मायक्रोसेकंदात जवळजवळ शून्य. तेच १० केल्विनला आठ-दहा मायक्रोसेकंदांत पुनर्संयोजन उरकतं, आणि इलेक्ट्रॉनांकडे नुसती स्क्रीनिंगची (भार झाकण्याची) पार्श्वभूमी म्हणून पाहणं चुकीचं ठरतं. म्हणून १०० वरच राहू.

५ मार्च

लॅम्प्समध्ये (कणांची गती पावलापावलाने काढणारा प्रोग्राम) लघुकृत एककं (‘एलजे’) आणि युकावा विभव, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी झाकलेलं कुलंब प्रतिकर्षण. वस्तुमान १, लांबी अ, ऊर्जा वर दिलेली. घनता ३ भागिले ४ पाय, म्हणजे ०.२३८७. दहा हजार आयनांसाठी बॉक्सची बाजू ३४.७३ अ, प्रत्यक्षात सुमारे २१५ मायक्रोमीटर. प्रयोगातल्या १ मिलिमीटर सिग्माच्या (गाऊसीय पसाऱ्याच्या) ढगात एकूण दीड कोटीच्या वर आयन असतात. आपण त्याच्या मधला एक बारीक तुकडा घेतो आहोत.

इथे एक चूक हमखास होते आणि आपलीही झाली. या एककांत वेळेचं एकक म्हणजे प्लाझ्मा वारंवारतेचा व्यस्त नव्हे. घनतेतला ३ वर्गमुळाखाली येतो, आणि प्लाझ्मा वारंवारता म्हणजे वर्गमूळ ३ भागिले वेळेचं एकक. एकक ३८८ नॅनोसेकंदांचं पडतं, २२४ चं नाही. पहिल्या आलेखात तापमानाचं शिखर एकापाशी आलं, ते दीड ते दोनच्या मध्ये यायला हवं होतं. भौतिकी बिघडली असं वाटून अर्धा दिवस विभवाची तपासणी झाली, बिघाड मात्र आडव्या अक्षाच्या लेबलात होता. कुणी हेच करत असेल तर पहिल्याच आलेखावर अक्षाला १.७३ ने गुणून पाहावं.

६ मार्च

कटऑफ, म्हणजे ज्या अंतरापुढे दोन आयनांमधलं बल मोजायचं नाही. काप्पा लहान असल्याने विभव लांबवर पोचतं. ५ अ वर कापलं तर तिथे विभवाची किंमत अजून ०.०४८ एकक आहे. प्रत्येक आयन ती सीमा ओलांडताना नोंदवलेली ऊर्जा तेवढी उडी मारते आणि एकूण ऊर्जेचा आलेख थरथरतो. विभव कटऑफपाशी शून्यावर आणण्याचा पर्याय (‘शिफ्ट’) चालू केल्यावर थरथर शमते, कारण आयनांची गती मुळात त्या सरकवलेल्या विभवाचीच ऊर्जा जपत असते. पण बलातली उडी तशीच राहते आणि लांब पल्ल्याचं बल तर गेलेलंच असतं. म्हणून कटऑफ थेट १७ अ, म्हणजे अर्ध्या बॉक्सच्या जरा आत.

रन लगेच थांबला: शेजारी-यादी (कटऑफच्या आतल्या आयनांची नोंद) ओसंडली. हिशोब सोपा आहे. आपल्या एककांत ‘र’ त्रिज्येच्या गोलात सरासरी र चा घन इतके आयन असतात. १७ अधिक ०.३ ची साय (कटऑफबाहेरचा राखीव थर) धरली तर पाच हजारांच्या वर, अर्ध्या यादीत (प्रत्येक जोडी एकदाच) सुमारे २६००. लॅम्प्समध्ये एका कणाच्या शेजाऱ्यांची ठरलेली मर्यादा २०००. ती ‘वन’ ६००० केली. आधी १२००० करून पाहिली होती, पण मग ‘पेज’ (यादीसाठी एका वेळी राखलेली जागा) तिच्या दहापट हवं अशी तक्रार येते, कारण पेज मुळात एक लाखाचं असतं. ६००० ला पेज न बदलता चालतं. दर पावलाला सुमारे अडीच कोटी जोड्या, म्हणजे रन जड आहे, पण पावलं थोडीच लागणार आहेत.

१० मार्च

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

लॅम्प्स दर आयन स्थितिज ऊर्जा दाखवतो. ती आपल्या बाबतीत पंधराच्या वर येते. कटऑफ नसता तर यादृच्छिक मांडणीत सरासरी १.५ भागिले काप्पाचा वर्ग, म्हणजे १८.६ यायला हवी. १७ वर कापल्याने आणि शिफ्टमुळे ती थोडी घटते. आयन कसेही बसले तरी ही पार्श्वभूमी तशीच राहते, तिच्यातून एक केल्विनसुद्धा मिळत नाही. आपल्याला हवी ती परस्परसंबंधांची ऊर्जा अर्ध्या एककाच्या आसपास आहे. ती या डोंगरावर ठेवलेल्या खड्यासारखी आहे.

परिणाम असा, की ‘एकूण ऊर्जा ०.१ टक्क्याच्या आत जपली गेली’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. १८.६ चा ०.१ टक्का म्हणजे ०.०१९. शेवटची गतिज ऊर्जा ०.५६ असेल तर ही चूक तिच्या तीन टक्क्यांहून जास्त भरते, म्हणजे तापमानात तीसेक मिलिकेल्विन. आतापासून ऊर्जेतली चूक नेहमी ०.५६ च्या मापाने लिहायची आणि मर्यादा ०.२ टक्के ठेवायची. जुन्या तिन्ही रनांच्या लॉगमध्ये ‘ऊर्जा ठीक’ असा शेरा होता. तो खोडला आणि रन पुन्हा लावले.

अपेक्षित उत्तरही कागदावर काढून ठेवलं, म्हणजे नंतर आकडा बघून मत बनवायची वेळ येणार नाही. सुरुवातीला परस्परसंबंध शून्य, शेवटी समतोल. ऊर्जा जपली जाते म्हणून दीड भागिले गॅमा अधिक समतोलातली जोड-ऊर्जा शून्य व्हायला हवी. गॅमा म्हणजे कुलंब ऊर्जा भागिले उष्णतेची ऊर्जा. एकघटकी प्लाझ्माचं (फक्त आयन, इलेक्ट्रॉन म्हणजे एकसारखी पार्श्वभूमी) माहीत असलेलं सूत्र वापरलं तर स्क्रीनिंग नसताना गॅमा २.२ आणि तापमान १.२१ केल्विन. काप्पा ०.२८४ ची दुरुस्ती घातली की गॅमा २.७ आणि तापमान १.०० केल्विन. इतक्या सौम्य स्क्रीनिंगनेही सहावा हिस्सा कमी होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१२ मार्च

आठपैकी चौथ्या बीजाच्या (बीज म्हणजे यादृच्छिक जागा ठरवणारा सुरुवातीचा आकडा) रनमध्ये एक आयन इतरांच्या कितीतरी पुढे पळताना दिसला. त्याची सुरुवातीची जागा काढली. शेजारी फक्त ०.०२ अ वर, म्हणजे १२४ नॅनोमीटर.

दहा हजार यादृच्छिक बिंदूंत सगळ्यात जवळची जोडी साधारण ०.०६ अ वर असते. ०.०२ ची जोडी पंचवीस रनांत एकदा यावी, ती आपल्याला आली. दोघे स्थिर सुरू होतात, त्यांच्यातली ऊर्जा ५० एकक. प्रत्येकावर बल २५००. टाइमस्टेप (एका पावलाचा वेळ) ठरलेला ०.००५. पहिल्याच पावलात दोघे प्रत्येकी ०.०३१ अ सरकतात, म्हणजे अंतर ०.०२ वरून एकदम ०.०८२. मधला सगळा उतार, जिथे बल सतराव्या हिश्श्यावर येतं, तो सिम्युलेशनने पाहिलाच नाही. पावलाच्या शेवटी वेग ६.६, दोघांची गतिज ऊर्जा ४३.८, उरलेली स्थितिज १२.१. बेरीज ५६. खरी ५०.

एका जोडीत सहा एककं हवेतून आली आणि दर आयन सरासरीत ही चूक फक्त ०.०००६ दिसते. आपली ०.२ टक्क्यांची मर्यादासुद्धा तिला पकडत नाही. तापमानाला यामुळे फरक पडत नाही हे खरं, पण वेगांच्या वितरणाचं शेपूट पाहायचं असेल तर ते नेमकं अशाच जोड्यांपासून बनलेलं असतं.

उपाय: पहिल्या एका वेळ-एककापर्यंत बदलता टाइमस्टेप (‘डीटी रीसेट’), कोणताही आयन एका पावलात ०.००१ अ पेक्षा जास्त सरकू नये अशा अटीवर. ०.०२ च्या जोडीला मग पहिलं पाऊल सुमारे ०.०००९ चं पडतं आणि चूक ५० मध्ये अर्ध्या एककाच्या आत येते. त्यानंतर स्थिर ०.००२. आधी अट ०.०१ ठेवली होती, ती अपुरी आहे: जोडी स्थिर सुरू होत असल्याने ०.००२८ चं पाऊल पास होतं आणि अंतर एका झटक्यात दुप्पट होतं.

याची एक बाजू सांभाळायला हवी. टाइमस्टेप बदलता असला की पावलांची संख्या गुणिले टाइमस्टेप म्हणजे वेळ हे समीकरण मोडतं. लॉगमध्ये ‘टाइम’ हा स्तंभ वेगळा छापून घ्यायचा आणि आलेख त्यावरच काढायचा. स्थानांच्या फायलीही पावलांच्या हिशोबाने लिहिल्या जातात, म्हणून त्या असमान वेळांच्या असतात. फूरिए रूपांतर करण्याआधी समान वेळांवर अंतर्वेशन करावं लागतं.

१४ मार्च

एका यंत्रावरच्या जुन्या लॅम्प्स आवृत्तीत लॉगच्या शेवटी ‘धोकादायक बांधण्या’ (यादी बहुधा उशिरा बांधली गेल्याच्या नोंदी) शून्याऐवजी काही डझन दिसल्या. तिथे शेजारी-यादी दहा पावलं झाल्याशिवाय नव्याने बांधली जात नाही. वेगवान आयन तेवढ्यात साय ओलांडतो. ‘डिले’ शून्य आणि तपासणी प्रत्येक पावलाला. कटऑफपाशी बल नगण्य असल्याने निकालात फरक दिसला नाही, तरी ते रन बाद केले.

१९ मार्च

आठही बीजं पूर्ण. प्लाझ्मा वारंवारतेच्या एककात १२ ते २० या पट्ट्यातली सरासरी: तापमान १.०१ केल्विन, बीजागणिक पसारा दीड-दोन टक्के. कागदावरचा १.००. गॅमा २.७.

पसारा उष्णतेच्या चढउतारांपेक्षा मोठा आहे. दहा हजार आयनांसाठी तो ०.८ टक्के असायला हवा. बाकीचा यादृच्छिक मांडणीच्या सुरुवातीच्या ऊर्जेतून येतो: काही बीजांत जवळच्या जोड्या जास्त पडतात. म्हणून एकाच बीजाचा लांब रन करून सरासरी घेण्यात अर्थ नाही. बीजंच वाढवायला हवीत.

वेळेतला आकार सुंदर आला आहे. तापमान सुरुवातीला वेळेच्या वर्गाने चढतं, शेवटच्या पातळीच्या वर जातं, खाली येतं आणि प्लाझ्मा वारंवारतेच्या साधारण दुप्पट वारंवारतेने दोन-तीन हेलकावे घेऊन थांबतं. सगळे आयन आपापल्या खळग्यात जवळजवळ एकाच वेळी उतरतात आणि एकाच वेळी पलीकडे चढतात, म्हणून हेलकावा दिसतो. तो विरतो, कारण प्रत्येकाचा खळगा वेगळा. चढण साडेतीनशे ते साडेचारशे नॅनोसेकंदांत पूर्ण होते. ढगाचा प्रसरण-काळ १० मायक्रोसेकंद आहे, म्हणजे घनता स्थिर धरणं चढणीच्या काळात योग्य ठरतं. पाच एककांपर्यंत (१.१ मायक्रोसेकंद) घनता दोन टक्क्यांहून कमी घटते.

जोड-वितरण फलनात (एका आयनापासून ठरावीक अंतरावर दुसरा सापडण्याची शक्यता) खड्डा आता ठळक आहे, त्यापुढचं कुबड मात्र नावापुरतं. गॅमा २.७ ला तेवढंच अपेक्षित.

२४ मार्च

वेगांचं वितरण. दहा हजारांत ज्यांचा शेजारी ०.१ अ च्या आत आहे असे आयन सरासरी दहा. त्यांना प्रत्येकी किमान साडेचार ते पाच एकक ऊर्जा मिळते. अंतिम तापमानाच्या मॅक्सवेल वितरणात साडेचारच्या वरचे आयन दहा हजारांत पाव निघतात, म्हणजे चार बॉक्स धुंडाळले तर एक. सुरुवातीच्या काळात शेपूट चाळीसपट जाड आहे.

प्रयोगाशी ताडताना हे आड येतं. एक केल्विनला एका दिशेतला वेग ९.७ मीटर प्रति सेकंद, ४२२ नॅनोमीटरवर डॉप्लर पसारा २३ मेगाहर्ट्झ, अर्ध्या उंचीवर रुंदी ५४. रेषेची नैसर्गिक रुंदीच २० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि तिच्या लॉरेंट्झियन कडा लांब पसरतात. सिम्युलेशनमधून कृत्रिम वर्णपट तयार करून त्यावर नेहमीचं व्होइग्ट फिटिंग (गाऊसीय आणि लॉरेंट्झियन आकार एकत्र करून) लावलं, तर पहिल्या दोन-तीनशे नॅनोसेकंदांत फिट मधल्या गाभ्याला धरतं आणि तापमान गतिज ऊर्जेवरून काढलेल्यापेक्षा कमी सांगतं. पळणाऱ्या आयनांचा प्रकाश लॉरेंट्झियन कडेत मिसळून जातो. म्हणून प्रयोगाच्या सुरुवातीच्या बिंदूंशी तुलना करताना गतिज ऊर्जा वापरायची नाही. आपल्या वर्णपटावर त्यांचंच फिटिंग लावायचं आणि मिळालेलं तापमान त्यांच्या तापमानाशेजारी ठेवायचं.

२७ मार्च

इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष कण म्हणून घालावेत का, यावर चर्चा. इलेक्ट्रॉनांची वारंवारता ४०० पट, टाइमस्टेप तितकाच लहान. शिवाय अभिजात बिंदुभार एकमेकांत अमर्याद खोल पडतात, त्यासाठी विभवाचं टोक बोथट करावं लागतं आणि मग त्या बोथटपणाच्या मापावर निकाल अवलंबून आहे का हे तपासावं लागतं. १०० केल्विनला इलेक्ट्रॉनांचा गॅमा ०.०२७ आहे. युकावा पुरेसं. विषय बंद.

२ एप्रिल

ढगाची सरासरी. प्रयोगातला ढग गाऊसीय असतो, घनता मध्यापासून कडेकडे उतरते. तापमान घनतेच्या घनमुळाने बदलतं, वारंवारता वर्गमुळाने. संपूर्ण ढगाची घनता-भारित सरासरी काढली तर मध्यबिंदूच्या तापमानाला तीन-चतुर्थांशाच्या दीड घाताने, म्हणजे ०.६५ ने गुणावं लागतं. एक केल्विनचं थेट ०.६५. कडेला काप्पा कमी असल्याने (तो घनतेच्या एक-षष्ठांश घाताने बदलतो, आठव्या हिश्श्याच्या घनतेला ०.२०) खरा आकडा याच्या जरा वर येतो.

हेलकावे तर पुसलेच जातात, कारण प्रत्येक थर वेगळ्या ठेक्यात झुलतो. म्हणून ढगाच्या पातळ पट्ट्यातलीच मोजणी तुलनेला घ्यायची, ढगभराची नको. आपल्याकडे काप्पा ०.२०, ०.२४ आणि ०.२८४ असे तीन वक्र केले आणि मधल्या घनतांसाठी त्यांच्यात अंतर्वेशन केलं. प्रत्येक थराला वेगळा रन लावायची गरज नाही.

९ एप्रिल

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. तापणं अव्यवस्थेमुळे होतं, तर आधीच थोडी व्यवस्था लावून दिली तर? जाळीत बसवलेले अणू, फर्मी वायूतला परस्परवर्ज्य खड्डा (सारखे अणू एकमेकांजवळ येणं टाळतात तो), रिडबर्ग अवरोध अशा वाटा सुचवल्या गेल्या आहेत. रिडबर्ग अवरोधात एक अणू उत्तेजित झाला की काही मायक्रोमीटरपर्यंतचा शेजारी उत्तेजित होऊ शकत नाही. आपल्या ‘अ’ च्याच मापाचं अंतर आहे हे.

अगदी सोपी प्रतिकृती: आयन यादृच्छिकच टाकायचे, पण ठरावीक अंतराच्या आत दुसरा असेल तर तो नाकारायचा. अणू निर्माण करण्याच्या आज्ञेतच अंतराची अट घालता येते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रयत्नांची मर्यादा कमी ठेवली तर १.० अ ला मागितलेल्यापेक्षा कमी आयन बसतात, फक्त इशारा छापला जातो आणि रन पुढे जातो. घनता घटली की ‘अ’ सुद्धा बदलतो आणि सगळी एककं सरकतात. मर्यादा ५००० केली आणि सुरू होण्याआधी संख्या बरोबर दहा हजार आहे का हे स्क्रिप्टमध्येच तपासलं. दुसरं म्हणजे या पद्धतीने १.४५ अ च्या पुढे जाताच येत नाही, कारण गोलांनी व्यापलेला भाग ३८ टक्क्यांवर अडकतो.

निकाल, प्रत्येकी आठ बीजांची सरासरी:
०.६ अ (३.७ मायक्रोमीटर): ०.६७ केल्विन, गॅमा ४.
१.० अ (६.२ मायक्रोमीटर): ०.२८ केल्विन, गॅमा साधारण १०.

दोन्ही आकडे ऊर्जेच्या कागदी हिशोबाशी जुळतात. १.० अ ला कुबड आता साध्या नजरेला दिसतं, आणि जवळच्या जोड्याच नसल्याने वेगांचं जाड शेपूटही नाहीसं झालं. बदलता टाइमस्टेप इथे लागतच नाही, पहिल्या पावलापासून ०.००५ पुरतो.

राइसमध्ये २०१९ साली आयनांना थेट लेझरने थंड करून सुमारे ५० मिलिकेल्विन आणि गॅमा ११ पर्यंत नेलं गेलं. आपला दहा त्याच्या शेजारी लिहिण्याचा मोह होतो, पण आपली सीमा कडक आहे. प्रत्यक्ष अवरोधाची कड हळूहळू उतरते, आणि उत्तेजन ते आयनन या मधल्या वेळात अणू सरकतात.

१५ एप्रिल

कड मऊ केली. नाकारण्याची शक्यता ०.८ अ ला पूर्ण, तिथून १.२ अ पर्यंत सरळ रेषेत शून्यावर. पहिल्या दोन बीजांत तापमान कडक १.० अ पेक्षा वर आहे, पण किती हे आठ बीजं झाल्याशिवाय लिहीत नाही. सहा रांगेत आहेत. सोबत २० हजार आयनांचा एक रन लावला आहे: बॉक्स ४३.७६ अ, कटऑफ २१ अ, ‘वन’ ९०००. कटऑफ वाढवल्याने ०.२८ मधला दुसरा अंक हलतो का, ते यातून कळेल.